आतल्या मशीनमधला एक सेकंद

सगळ्यात आतल्या मशीनमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या पोटातल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, 'टाइम स्लीप १' असं लिहून एंटर दाबायचं. सेकंदाभराने प्रॉम्प्ट परत यायला हवा, तो येत नाही. तिन्ही थरांवर सीपीयूचा वापर जवळपास शून्य. कुठे पॅनिक नाही, लॉगमध्ये तक्रारीची एक ओळ नाही. मग कंटाळून कीबोर्डवरची कुठलीही कळ दाबली जाते आणि त्याच क्षणी प्रॉम्प्ट उगवतो, वर हिशेबही छापून येतो: प्रत्यक्षात गेलेला वेळ ३७ सेकंद. मशीन वेळेवर उठलं नाही हे तर दिसतंच, पण उठल्यावर किती वेळ गेला हे त्याला अचूक ठाऊक होतं, आणि डोक्यात घर करून राहतं ते हे. ज्याला वेळ इतका बरोबर कळतो, ते वेळेवर उठत का नाही?

घड्याळ बरोबर होतं. गजर वाजला नव्हता.

नेस्टेड व्हर्च्युअलायझेशनमधल्या, म्हणजे मशीनच्या आत मशीन अशा रचनेतल्या, टायमरच्या तक्रारी हाताळताना हा फरक पहिल्या मिनिटाला करावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो केला जात नाही. 'गेस्टमधली वेळ बिघडली' (गेस्ट म्हणजे आत चालणारं मशीन) या एका वाक्याखाली दोन वेगळे आजार येतात. किती वाजले हे वाचणं एक, आणि ठरल्या क्षणी कुणीतरी येऊन उठवणं दुसरं. वाचण्याचं काम आधुनिक इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर बहुधा टीएससी, म्हणजे प्रोसेसरमधला सतत वाढणारा टिकांचा काउंटर, करतो. गेस्टने टीएससी वाचला, तर सहसा एक्झिटही, म्हणजे गेस्ट थांबवून ताबा त्याला चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे (हायपरव्हायझरकडे) देणंही, होत नाही. हार्डवेअर खऱ्या काउंटरमध्ये ठरलेला ऑफसेट मिळवून आकडा हातात ठेवतं आणि आतला गेस्ट कुणाला न उठवता पुढे जातो. उठवण्याचं काम मात्र लोकल एपिकच्या, म्हणजे प्रत्येक कोअरच्या इंटरप्ट-नियंत्रकाच्या, टायमरचं, आणि तिथे प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी सॉफ्टवेअर मध्ये उभं असतं. म्हणून घड्याळ आणि गजर वेगवेगळ्या कारणांनी, वेगवेगळ्या थरांत बिघडतात, आणि एकाची औषधं दुसऱ्याला लागू पडत नाहीत. स्लीप लांबतंय म्हणून क्लॉकसोर्स (कर्नल ज्यावरून वेळ वाचतं ते साधन) बदलत बसणाऱ्या किती चर्चा वाचायला मिळतात! त्यातून काही निष्पन्न होत नाही याचं कारण एवढंच.

गजराचा प्रवास एकदा नीट पाहण्यासारखा आहे. खरं लोखंड असलेला होस्ट एल०, त्यावरचा गेस्ट हायपरव्हायझर एल१, त्याच्या आतला गेस्ट एल२. एल२चं कर्नल पुढच्या टायमरची वेळ ठरवतं आणि टीएससी-डेडलाइन एमएसआरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या हेक्स ६ई० क्रमांकाच्या खास रजिस्टरमध्ये, एक आकडा लिहितं. इथे एक्झिट होते, इंटेलच्या यादीतलं कारण क्रमांक ३२. ती एक्झिट नेहमीच आधी एल०कडे जाते, कारण हार्डवेअरला एकच हायपरव्हायझर माहीत असतो. एल० एल१ने दिलेला एमएसआर बिटमॅप, म्हणजे कुठल्या रजिस्टरवर एक्झिट हवी याची यादी, तपासतो, 'ही एक्झिट एल१ला हवी आहे' असं ठरवतो आणि एल१ला वाटेल की आपल्यालाच ही एक्झिट मिळाली, अशी सगळी मांडणी करतो. मग एल१ जागा होऊन व्हीएमसीएस, म्हणजे गेस्टची अवस्था ठेवणारी नोंद, वाचायला लागतो. व्हीएमसीएस शॅडोइंग, म्हणजे ती नोंद एल०ला न उठवता वाचू-लिहू देणारी सोय, नसेल तर त्याचं प्रत्येक व्हीएमरीड आणि व्हीएमराइट पुन्हा एल०ला उठवतं, कारणं २३ आणि २५. एल१ने गजर आपल्या हायरेस टायमरवर लावला, तर तोही शेवटी हेक्स ६ई० मध्येच लिहितो, म्हणजे आणखी एक ३२. मग व्हीएमरिझ्यूम, म्हणजे गेस्टमध्ये परत शिरण्याची सूचना, कारण २४, आणि एवढं झाल्यावर एल२ पुढची सूचना चालवतो. हे झालं फक्त गजर लावणं. वाजताना उलटा प्रवास: एल०ला कारण ५२ (प्रीएम्प्शन टायमर संपला) किंवा १ (बाह्य इंटरप्ट) ची एक्झिट, एल०ने एल१ला दाखवलेली बनावट बाह्य-इंटरप्ट एक्झिट, एल१च्या टायमरचा हँडलर, आणि मग एल१ने व्हीएम-एंट्रीच्या फील्डमध्ये एल२साठी घातलेला व्हेक्टर, म्हणजे इंटरप्टचा क्रमांक. ही साखळी कुठल्याही एका कडीत तुटली तरी बाहेरून दिसणारं चित्र तेच, हलत नसलेला कर्सर.

पण त्या कळेकडे परत पाहिलं, तर तिने बरंच सांगून ठेवलंय. लिनक्समध्ये लोकल टायमरचा व्हेक्टर हेक्स ईसी, म्हणजे २३६. एपिकची प्राधान्याची इयत्ता व्हेक्टरच्या वरच्या चार बिटांवरून ठरते, तेव्हा टायमर ई इयत्तेत आणि कीबोर्ड किंवा सीरियल पोर्टसारखी उपकरणं बहुधा त्याच्या बरीच खाली. समजा आधीच्या टायमर इंटरप्टचा ईओआय, म्हणजे 'काम झालं' अशी एपिकला द्यायची पोच, मधल्या कुठल्या थरात हरवला असता. मग इन-सर्व्हिस रजिस्टरमध्ये (हाताळणी चालू असलेल्या इंटरप्टच्या नोंदीत) २३६ चा बिट तसाच राहिला असता, आणि त्याच किंवा खालच्या इयत्तेतलं कुठलंही इंटरप्ट आत शिरू शकलं नसतं. कळ दाबूनही मशीन उठलं नसतं. ते उठलं, म्हणजे ईओआयचा मार्ग निर्दोष आहे. एका कळेने संशयितांतला सगळ्यात लोकप्रिय संशयित मोकळा झाला.

पुढचा प्रश्न: गजर वाजलाच नाही, की वाजला पण झोपलेल्याला कुणी हलवलं नाही? यासाठी मशीन अडकलेलं असताना, कळ दाबायच्या आधी, एल१वरच्या क्यूईएमयूच्या (मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या) मॉनिटरमध्ये 'इन्फो लॅपिक' चालवावं. आयआरआर मध्ये, म्हणजे आलेल्या पण अजून न हाताळलेल्या इंटरप्टच्या नोंदीत, २३६ दिसत असेल, तर इंटरप्ट एपिकपर्यंत पोचलंय आणि हॉल्टमध्ये (काम नसताना घेतलेल्या विश्रांतीत) गेलेला व्हीसीपीयू, म्हणजे आभासी प्रोसेसर, जागा करण्यात चूक आहे. आयआरआर कोरा असेल, तर गजर वाजलाच नाही. लावण्याच्या बाजूकडे पाहायचं. दोन्ही चित्रांनंतरचा तपास इतका वेगळा आहे की ही एक नजर न टाकता ट्रेसिंग (घटनांची क्रमवार नोंद) सुरू करणं म्हणजे वेळ फुकट घालवणं.

जागं करण्यातली चूक बहुतेकदा हॉल्टच्या उंबरठ्यावर असते. व्हीएमएक्सचा, म्हणजे इंटेलच्या व्हर्च्युअलायझेशन सोयीतला, प्रीएम्प्शन टायमर हे गजरासाठी स्वस्त साधन. केव्हीएम, म्हणजे लिनक्समधला हायपरव्हायझर, तो वापरतं, एल१मधलं केव्हीएमही वापरतं, कारण एल० त्याला हे साधन असल्याचं दाखवतो. पण हा टायमर चालतो तो गेस्ट चालू असतानाच. एल२ने हॉल्ट केलं आणि एल१ने त्याचा व्हीसीपीयू बाजूला झोपवला, की गजर प्रीएम्प्शन टायमरवरून काढून सॉफ्टवेअर टायमरवर द्यावा लागतो आणि उठल्यावर परत घ्यावा लागतो. या देवाणघेवाणीत एखादी अवस्था निसटली, की नेमका रिकामा बसलेला गेस्ट अडकतो आणि कामात असलेला बिनबोभाट चालतो. म्हणून एल२ला 'आयडल=पोल' देऊन बूट करून पाहावं. तसं केल्यावर कर्नल हॉल्ट करतच नाही. तक्रार गायब झाली तर देवाणघेवाण किंवा जागं करणं यातच दोष आहे. मग एल१वर केव्हीएम_इंटेल मॉड्यूल प्रीएम्प्शन_टायमर=० देऊन पुन्हा चढवावं, स्वतंत्रपणे एल०वरही तेच करून पाहावं. दोन थर, दोन स्विच, चार जोड्या. यातली कुठली जोडी बिघडते हे कळलं की शोधायची जागा काही फंक्शनांवर येते.

लावण्यातली चूक जास्त नाजूक असते, आणि माझ्या मते नेस्टिंगचा सगळा स्वभाव तिच्यात दिसतो. टीएससी-डेडलाइनचा नियम असा की लिहिलेला आकडा आत्ताच्या टीएससीएवढा किंवा त्याहून मागे असेल, तर इंटरप्ट लगेच द्यायचं. शून्य लिहिलं, तर गजर रद्द. एखाद्या हायपरव्हायझरने 'डेडलाइन वजा आत्ता' ही वजाबाकी चिन्हाशिवाय केली, तर मागे पडलेल्या डेडलाइनचं उत्तर प्रचंड मोठा धन आकडा येतं. तीन गिगाहर्ट्झच्या टीएससीला ६४ बिट भरायला सुमारे १९५ वर्षं लागतात, तेव्हा गजर जवळपास तेवढ्या लांबवर लागतो. खऱ्या हार्डवेअरवर थेट चालताना हा कोड वर्षानुवर्षं खपून जातो, कारण आकडा लिहिणं आणि तो हाताळणं यात फार तर काही मायक्रोसेकंद जातात, आणि तेवढ्यात डेडलाइन उलटण्याचा योग क्वचित येतो. तोच हायपरव्हायझर एल१ म्हणून बसवला की मध्ये डझनभर एक्झिट घुसतात, आणि जवळच्या डेडलाइन पोचेपर्यंत मागे पडलेल्या असतात. बग जुनाच असतो. नेस्टिंगने फक्त त्याची दुर्मीळ वेळ रोजची केलेली असते. म्हणून 'आमचा हायपरव्हायझर थेट हार्डवेअरवर नीट चालतो' हा युक्तिवाद इथे पुरावा म्हणून घेऊ नये.

याच चुकीचं एक भावंड आहे. एल२ने लिहिलेला आकडा एल२च्या टीएससीच्या मापात असतो. एल१ने तो आपल्या मापात आणताना ऑफसेट वजा करायला विसरलं, तर काय होईल? एल२ उशिरा सुरू झालेला, त्याचा टीएससी सहसा एल१पेक्षा लहान. मग प्रत्येक डेडलाइन एल१ला मागेच दिसणार आणि गजर लावता क्षणी वाजणार. एल२मध्ये 'प्रॉक इंटरप्ट्स'मधली एलओसीची, म्हणजे लोकल टायमर इंटरप्टच्या मोजणीची, ओळ पाहिली की आकडा पळताना दिसतो, मशीन मात्र मुंगीच्या पावलाने चालतं. म्हणजे शांतता असेल तर चिन्हाची चूक आणि वादळ असेल तर मापाची, असा पहिला अंदाज बांधता येतो.

आता घड्याळाकडे. एल२साठी हार्डवेअरला द्यायचा ऑफसेट म्हणजे एल०ने एल१साठी ठरवलेला अधिक एल१ने एल२साठी ठरवलेला. स्केलिंग, म्हणजे टीएससीचा वेग गुणकाने बदलणं, असेल तर आधी एल१च्या ऑफसेटला एल२च्या गुणकाने गुणायचं, मग बेरीज. दोन्ही गुणकांचाही गुणाकार करायचा. इंटेलवर गुणकाचे ४८ बिट अपूर्णांकाचे, एएमडीवर ३२. यातली कुठली पायरी चुकली हे आकडाच सांगतो. केव्हीएम नवा गेस्ट सुरू करताना त्याचा टीएससी शून्याजवळून सुरू करतं, म्हणजे ऑफसेट हा होस्टच्या तेव्हाच्या टीएससीचा ऋण आकडा. होस्ट १० दिवस चालू असताना एल१ बूट झाला असेल आणि एल२मध्ये वेळ अचानक ८,६४,००० सेकंदांनी पुढे गेली, तर एल१चा ऑफसेट बेरजेत आलाच नाही. तोच दोनदा आला, तर टीएससी शून्याच्या खाली जातो आणि चिन्ह नसलेल्या वाचनात पुन्हा ते १९५ वर्षांच्या आसपासचं अपटाइम उमटतं. उडीच्या आकड्याला होस्टच्या टीएससी वारंवारतेने भागून बघावं आणि येणारे सेकंद होस्टच्या अपटाइमशी ताडावेत. तपासात यापेक्षा स्वस्त कृती मला माहीत नाही.

उडी नसेल आणि घड्याळ एकाच प्रमाणात हळू किंवा जलद चालत असेल, तर वारंवारतेकडे वळायचं. प्रीएम्प्शन टायमर ३२ बिटांचा, आणि टीएससीच्या किती टिकांना तो एकने उतरतो ते एका एमएसआरच्या खालच्या पाच बिटांवरून कळतं. तिथे सामान्यतः ५ असतं, म्हणजे दर ३२ टिकांना एक. एल१ने ९३,७५० भरले, तर ३० लाख टिका, तीन गिगाहर्ट्झला बरोबर एक मिलिसेकंद. आता एल१ला सांगितलंय की तुझा टीएससी तीन गिगाहर्ट्झचा, पण खालचा प्रोसेसर २.४ चा आहे, आणि एल० या टायमरची सॉफ्टवेअरने नक्कल करताना एल१च्या आभासी वारंवारतेऐवजी खऱ्या वारंवारतेने भागतोय. तोच गजर १.२५ मिलिसेकंदांनी वाजेल. चूक २५ टक्के, कायम, भार कितीही असो. गुणोत्तर इतकं स्वच्छ आलं की कुठल्या दोन वारंवारतांची अदलाबदल झाली हे कागदावर काढता येतं.

वारंवारता एल२ने स्वतः चुकीची मोजलेली असू शकते, आणि हा भाग मला सगळ्यात रोचक वाटतो. सीपीयूआयडीतून, म्हणजे प्रोसेसरने स्वतःबद्दल दिलेल्या माहितीतून, वारंवारता मिळाली नाही, तर लिनक्स जुन्या पीआयटी या टायमर-चिपचा आधार घेतं. त्याची वारंवारता ११,९३,१८२ हर्ट्झ, वरचा बाइट दर २५६ टिकांनी, म्हणजे सुमारे २१४.६ मायक्रोसेकंदांनी उतरतो. जलद मोजणीत कर्नल तो बाइट बदलेपर्यंत पोर्ट पुन्हा पुन्हा वाचतं, आणि एका किमतीवर किमान सहा फेऱ्या झाल्या तरच मोजणी ग्राह्य धरतं. प्रत्येक फेरीत दोन पोर्ट-वाचनं. म्हणजे एका वाचनाला साधारण १८ मायक्रोसेकंदांहून जास्त लागले की मोजणी रद्द. साध्या गेस्टमध्ये हे निभावतं. नेस्टेड गेस्टमध्ये प्रत्येक पोर्ट-वाचन दोन थर ओलांडून येतं, त्यात पीआयटी एल१च्या यूजरस्पेसमध्ये नकलला जात असेल तर विचारायलाच नको. मग बूट लॉगमध्ये जलद कॅलिब्रेशन फसल्याची ओळ येते, कर्नल सावकाश पद्धतीकडे वळतं, तिथेही मध्येच व्हीसीपीयू बाजूला काढला गेला तर आकडा हलतो. दोन बूटमध्ये टीएससीची वारंवारता वेगळी छापून येत असेल, तर दुसरीकडे कुठेही पाहू नये. एल१ने एल२ला वारंवारता आयती सांगावी, केव्हीएम-क्लॉक (केव्हीएम गेस्टला देतं ते घड्याळ) किंवा मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीच्या इंटरफेसमधून, म्हणजे मोजणीची गरजच उरत नाही.

मग वॉचडॉग. लिनक्स दर अर्ध्या सेकंदाला टीएससीची तुलना दुसऱ्या घड्याळाशी करतं, आणि फरक जास्त दिसला की टीएससी अविश्वसनीय ठरवून बाजूला टाकतं. खऱ्या मशीनवर हे शहाणपणाचं आहे. पण एल२मध्ये टीएससी थेट हार्डवेअरमधून येतो आणि त्याला जोखणारं दुसरं घड्याळ, म्हणजे एचपीईटी किंवा एसीपीआय पीएम टायमर, पूर्णपणे नकललेलं असतं. शिवाय पीएम टायमर २४ बिटांचा, ३५,७९,५४५ हर्ट्झचा, म्हणजे सुमारे ४.६९ सेकंदांत गोल फिरून परत शून्यावर. व्हीसीपीयूला तेवढा वेळ धावायलाच मिळालं नाही, तर किती फेऱ्या झाल्या हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. शिक्षा मात्र टीएससीला होते, आणि यानंतर प्रत्येक वेळ-वाचनाला एक्झिट पडू लागते, मशीन आणखी मंदावतं, गजर आणखी उशिरा येतात. तेव्हा 'टीएससी अनस्टेबल' ही ओळ दिसली की टीएससीवर संशय घेण्याआधी, त्याच्या आसपासच्या काही सेकंदांत एल१चा व्हीसीपीयू एल०वर किती काळ रांगेत उभा होता ते पाहावं. एल२ला ते स्वतः दिसत नाही, कारण एल०ने एल१कडून काढून घेतलेला वेळ एल२च्या स्टील टाइममध्ये (होस्टने काढून घेतलेल्या वेळेच्या नोंदीत) सहसा येत नाही.

एवढ्या सगळ्यात मोजमापाचा एक नियम मी कधीच सोडू देत नाही. ज्या घड्याळावर संशय आहे, त्याने मोजायचं नाही. एल२ने दर १० सेकंदांनी सीरियल कन्सोलवर एक ओळ छापावी आणि ती एल०वर पोचल्याची वेळ एल०च्या घड्याळाने नोंदवावी. अंतर कायम एकाच प्रमाणात चुकत असेल तर वारंवारता, एकदाच मोठी उडी असेल तर ऑफसेट, भाराबरोबर वाढत असेल तर उशिरा येणारी किंवा हरवलेली इंटरप्ट. हे करण्याआधी प्रत्येक थरावर एकच व्हीसीपीयू ठेवावा, त्यांना एकेका खऱ्या कोअरला बांधावं. आणि तीच एल२ची इमेज एकदा एल०वर थेट चालवून पाहावी. तिथेही रडत असेल तर नेस्टिंगला दोष देऊन उपयोग नाही.

ट्रेस घ्यायचा तो एल०वर. एल१मध्ये ट्रेसिंग सुरू केलं की त्याच्या स्वतःच्या एक्झिट वाढतात आणि अडचणीची वेळ सरकते, कधी कधी अडचणच नाहीशी होते. केव्हीएमच्या एक्झिट, एंट्री, नेस्टेड व्हीएमएक्झिट, नेस्टेड व्हीएमएक्झिट इंजेक्ट आणि राइट टीएससी ऑफसेट या घटना पुरतात. ट्रेसचं घड्याळ एक्स८६-टीएससी ठेवावं, म्हणजे गेस्टमधल्या नोंदी ऑफसेट वजा करून त्याच रेषेवर बसवता येतात. तो ऑफसेट डीबगएफएसमध्ये, म्हणजे कर्नलच्या तपासासाठीच्या फाइलींमध्ये, प्रत्येक व्हीसीपीयूखाली मिळतो. मग वाचायला बसायचं. एल२ची ३२ क्रमांकाची एक्झिट शोधायची, ती एल१ला दिली गेली का पाहायचं, त्यानंतर एल१ने स्वतःचा गजर लावला का, आणि ठरल्या वेळी ५२ किंवा १ आली का. आली, पण एल१ला ती इंजेक्ट न होता एल० सरळ परत एल२मध्ये शिरला असेल, तर दोष एल०च्या कोडमध्ये, एंट्रीच्या ऐन आधी प्रलंबित इंटरप्ट तपासण्याच्या जागी. इंजेक्ट झाली, पण एल१ने पुढच्या व्हीएमरिझ्यूममध्ये व्हेक्टर घातला नसेल, तर एल१कडे.

केव्हीएम-क्लॉकचा एक तिढा वेगळा सांगायला हवा, कारण त्यात बग कुणाचाच नसतो. केव्हीएम आपल्या गेस्टला स्थिर, सगळ्या व्हीसीपीयूंवर एकसारखं घड्याळ तेव्हाच देतं, जेव्हा होस्टचा क्लॉकसोर्स टीएससीवर उभा असतो. एल१ स्वतः केव्हीएम-क्लॉकवर चालत असेल, तर ती अट मोडते, एल२ला मिळणाऱ्या घड्याळावरचा स्थिरतेचा बिट उतरतो, आणि आतली प्रत्येक वेळ-विचारणा व्हीडीएसओचा (कर्नलमध्ये न जाता वेळ वाचण्याचा) मार्ग सोडून सिस्टम कॉलने जाऊ लागते. डेटाबेससारखं काही आत चालत असेल तर हे लगेच जाणवतं. उपाय म्हणजे एल१ला इन्व्हेरियंट (वेग न बदलणाऱ्या) टीएससीचा फ्लॅग दाखवणं. क्यूईएमयूमध्ये 'सीपीयू होस्ट' पुरेसं नसतं, 'इन्व्हटीएससी' वेगळा मागावा लागतो. तो मिळाला की एल१चं लिनक्स आपोआप टीएससी निवडतं. बदल्यात एल१चं लाइव्ह मायग्रेशन (चालू मशीन दुसऱ्या होस्टवर हलवणं) अडतं, आणि ते हवंच असेल तर टीएससीची वारंवारता क्यूईएमयूला आकड्यात सांगून ठेवावी लागते. मग दुसऱ्या टोकाचं मशीन त्याच वारंवारतेचं असावं लागतं, नाहीतर त्याला टीएससी स्केलिंग यावं लागतं. मशीनांचा ताफा एकाच पिढीचा असेल तर हा सौदा करून टाकावा. मिश्र ताफ्यात मात्र आधी दोन्ही टोकांच्या प्रोसेसरची स्केलिंगची क्षमता तपासावी, आणि मायग्रेशननंतर एल२ची ती १० सेकंदांची सीरियल ओळ निदान तासभर चालू ठेवून पाहावी.